स्पूलच्या टेप रेकॉर्डरचं अलाइनमेंट घरी करावं का? करायचं तर कशाने मोजून?

जुळे सोलापुरातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. आजोबांचा रेव्हॉक्स बी७७ हा स्पूलचा टेप रेकॉर्डर त्यांनी माळ्यावरून खाली काढलाय. सोबत स्पूलचा एक खोका आहे. त्यात भजनी मंडळाचे कार्यक्रम, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली गाणी आणि घरातल्या लग्नाची एक टेप. मशीन चालतं, पण आवाज बोदा येतो आणि डावी बाजू उजवीपेक्षा दबलेली वाटते. व्हिडिओंत लोक हेडचा स्क्रू फिरवून आवाज ‘उघडून’ दाखवतात, तसं करावं का? मोजायला कोणती उपकरणं घ्यावीत? आणि पुढे नव्या टेपवर रेकॉर्डिंग करता येईल का?

आधी स्क्रूचं बोलू. ज्या स्क्रूला संदर्भ नाही, तो फिरवू नये. टेप मशीनमध्ये फिरवण्याजोग्या जागा भरपूर असतात: हेडचा कोन (अझिमथ), प्लेबॅकची पातळी, बायस (भरताना सुरासोबत टेपला द्यायचा, कानाला न ऐकू येणारा उंच सूर), रेकॉर्डिंगची पातळी, रेकॉर्डिंगचं इक्वलायझेशन (खर्ज-तारस्वरांचा तोल). हे सगळं जागेवर लावणं म्हणजे अलाइनमेंट. यातली प्रत्येक जागा कशाच्या तरी तुलनेत लावलेली असते. ते ‘कशाच्या तरी’ तुमच्या हातात नसेल, तर तुम्ही एका जुन्या टेपला बरं वाटेल असं मशीन करून ठेवता आणि बाकीच्या सगळ्या टेपला ते वाईट होतं. तुमच्या कामात संदर्भ दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. मशीनच्या प्लेबॅकचा संदर्भ म्हणजे टेस्ट टेप, ठरावीक सूर अचूक भरलेली टेप. तुमच्या जुन्या स्पूलच्या अझिमथचा संदर्भ मात्र ती स्पूल स्वतःच. ती ज्या मशीनवर भरली, त्याचं हेड जरा कललेलं असेल तर आपलं हेडही तेवढंच कलवावं लागतं. काम झालं की परत टेस्ट टेपवर आणून ठेवायचं.

मशीन माळ्यावरून काढून थेट वीज दिली असेल, तर ती आता बंद करा. या वयाच्या रेव्हॉक्समध्ये मेन्सच्या बाजूला कागदी कपॅसिटर असतात. त्यांचं पारदर्शक आवरण तडकतं, आत दमट हवा शिरते आणि एक दिवस ते खोलीभर धूर करतात. काही रुपयांचा सुटा भाग आहे, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतो. मेन्सवर लावायच्या एक्स-टू दर्जाचाच घ्या. मागचा व्होल्टेज सिलेक्टरही बघा, आपल्याकडे २३० व्होल्ट आहे.

मग सफाई. तुमच्या ‘डावी बाजू दबलेली’ या तक्रारीवर मला पहिला संशय घाणीचा आहे. हेड आणि टेप यांत फट पडली की तारस्वर किती घटतो याचं साधं गणित आहे: फट भागिले तरंगलांबी, गुणिले ५४.६, इतके डेसिबल. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाला १५ किलोहर्ट्झची टेपवरची तरंगलांबी भरते १२.७ मायक्रॉन. म्हणजे एका मायक्रॉनच्या फटीने ४.३ डीबी गेले. कॅसेटवर तर १० किलोहर्ट्झला तेवढ्याच फटीने ११ डीबींहून जास्त जातात. आपल्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे, यंत्रमागांच्या शेजारी राहिलेली मशीन मी उघडतो तेव्हा गाईडच्या खाचेत आणि पिंच रोलरच्या (टेप दाबून धरणाऱ्या रबरी चाकाच्या) टोकांना सुताचा बारीक भुगा टेपवरून सुटलेल्या ऑक्साइडशी मिसळून घट्ट बसलेला असतो. तो नुसत्या फडक्याने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान कोरायच्या काड्या, आणि काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसणं. रबरी पिंच रोलरला अल्कोहोल बेताने लावा, लगेच कोरडा करा.

पुसून झालं की हेडकडे तिरप्या उजेडात पाहा. टेप जिथून घासत जाते तिथे चपटा पट्टा दिसेल, त्याच्या कडेवर नख अडतं का बघा. नख ठळक अडलं तर हेड झिजलंय, आणि झीज गॅपपर्यंत, म्हणजे हेडमधल्या बारीक फटीपर्यंत, पोचली असेल तर कुठलाही स्क्रू तारस्वर परत आणणार नाही. मग डीमॅग्नेटायझर, म्हणजे हेडचं चुंबकत्व काढायचं साधन. मशीन बंद, टेस्ट टेप दुसऱ्या खोलीत. डीमॅग्नेटायझर हातभर अंतरावर चालू करायचा, सावकाश जवळ आणायचा, प्रत्येक हेडवरून आणि लोखंडी गाईडवरून हळू फिरवायचा, तसाच सावकाश लांब नेऊन मग बंद करायचा. हेडजवळ असताना बटण सोडलंत तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होतं. पुढे अझिमथला हात लावायचा तो पितळी किंवा सिरॅमिक टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने, कारण साधा पोलादी बहुतेक वेळा स्वतःच चुंबकित असतो.

आता उपकरणं. एकेकाळी स्टुडिओत एचपी ३३९ए, साउंड टेक्नॉलॉजी १५००ए, पुढे ऑडिओ प्रिसिजनचे ॲनालायझर असायचे. आज तुम्हाला यातलं काहीही विकत घ्यायची गरज नाही. चांगला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, आरईडब्ल्यूसारखं आवाज मोजायचं मोफत सॉफ्टवेअर आणि एक जुना दोन चॅनेलचा ॲनालॉग स्कोप (ऑसिलोस्कोप) एवढं पुरतं. पैसे टेस्ट टेपवर घाला, मीटरवर नको. अमेरिकेतल्या मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरीच्या, म्हणजे एमआरएलच्या टेप या धंद्यात सगळीकडे मानल्या जातात. लिलावात मिळणारी, कुणी कधी कशावर वाजवली याचा पत्ता नसलेली टेस्ट टेप स्वस्त पडत नाही. ती चुंबकित हेडवरून एकदा गेली असली तरी तिचा तारस्वर उतरलेला असू शकतो, आणि तुम्ही त्या उतरलेल्या स्वराला प्रमाण मानून बसता.

साध्या डिजिटल मल्टिमीटरने मात्र फसू नका. बाजारातले बरेच स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे एसी व्होल्ट खरे दाखवत नाहीत. १० किलोहर्ट्झला आकडा कोसळतो आणि माणूस म्हणतो हेड गेलं. त्या मीटरचा उपयोग एकच. इंटरफेसमधून १०० किंवा २०० हर्ट्झचा सूर काढा, मीटरवर व्होल्ट वाचा आणि तो आकडा सॉफ्टवेअरला शिकवा. ०.७७५ व्होल्ट म्हणजे ० डीबीयू, १.२२८ म्हणजे अधिक ४. नंतर इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ रेषा सपाट येते का ते पाहा. ती डीबीच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात सपाट नसेल तर तो दोष पुढे टेप मशीनच्या नावावर खपेल.

सॉफ्टवेअरचीही एक खोड आहे, आणि इथे नवीन मंडळी हमखास अडकतात. टेपचा वेग सतत बारीक हेलकावे खात असतो. ०.१ टक्का हेलकावा धरला तरी १० किलोहर्ट्झचा सूर दोन्हीकडे दहा-दहा हर्ट्झ सरकतो. ४८ किलोहर्ट्झला ६५,५३६ बिंदूंचा एफएफटी (आवाजाची फ्रिक्वेन्सीवार वाटणी) घेतलात तर त्याचा एक कप्पा ०.७३ हर्ट्झचा. सुराची ताकद अशा अनेक कप्प्यांत वाटली जाते आणि शिखर खऱ्यापेक्षा बुटकं दिसतं. शिखर वाचून इक्वलायझेशन लावलंत तर तारस्वर उगाच चढवून बसाल. पातळी वाचायची ती आरएमएस मीटरवर किंवा एक-तृतीयांश ऑक्टेव्हच्या पट्ट्यांत. लॉग स्वीपचं, म्हणजे खालून वर सरकत जाणाऱ्या सुराचं, मोजमापही याच कारणाने टेपवर डळमळतं. एकेक सूर थांबून वाचणं कंटाळवाणं आहे, पण विश्वासाचं आहे.

मोजायला लागायच्या आधी मशीन अर्धा तास चालू ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी मी अलाइनमेंट करतच नाही. खोलीत चाळीस अंश असताना लावलेला बायस सकाळी तसाच राहील याची खात्री नसते, आणि रबरही मऊ पडलेलं असतं. सकाळचं काम बरं, तेव्हा शेजारचे मागही सुरू झालेले नसतात. मागाची मोटर चालू-बंद होताना लाइनवर जे धक्के येतात ते नॉइजच्या मोजमापात स्पष्ट दिसतात.

पहिलं मोजमाप वेगाचं. टेस्ट टेपवरचा ३१५० हर्ट्झचा सूर (अमेरिकी जुन्या पद्धतीत ३०००) वाजवा आणि फ्रिक्वेन्सी काउंटरवर वाचा. अधिक-उणे ०.२ टक्का म्हणजे ३१४४ ते ३१५६. टेपच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन्हीकडे मोजा. फरक पडत असेल तर रिळाचा ताण किंवा पिंच रोलरची पकड बघावी लागेल. बी७७ची कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) फिरवणारी मोटर सर्वो, म्हणजे आपला वेग आपणच सांभाळणारी आहे, मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून नाही. पण कुणी नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेलं सिंक्रोनस मोटरचं मशीन असेल तर ते ६० हर्ट्झसाठी असतं. आपल्या ५० हर्ट्झवर ते पाच-षष्ठांश वेगाने फिरतं, ३१५०चा सूर २६२५ दाखवतो, आणि काळी पाचमधलं भजन पांढरी पाचच्याही किंचित खाली येतं. त्याला कॅपस्टनची ५० हर्ट्झची वेगळी बाही (दांड्यावर बसणारी नळी) लागते.

मशीनचा वेग बरोबर आला म्हणजे तुमच्या स्पूलचा वेग बरोबर आला असं नाही. ज्या मशीनवर ती भरली त्याचं काय? काही जण टेपमधली मेन्सची गुणगुण ५० हर्ट्झवर बसते का ते पाहतात. युक्ती चांगली आहे, पण आपल्याकडे ती फसवते. त्या काळी ग्रिडची फ्रिक्वेन्सी बरीच खालीवर व्हायची. समजा लाइन ४८.५ हर्ट्झवर होती आणि भरणारं मशीन सिंक्रोनस मोटरचं होतं. मग मोटरही तेवढीच हळू फिरली. आज बरोबर वेगाने वाजवलं की गुणगुण चोख ५०वर येते आणि गाणं मात्र तीन टक्के चढतं! साक्षीदारच आरोपीशी मिळालेला. पेटीच्या पट्टीवर जास्त भरवसा ठेवा. कार्यक्रमात पेटी असेल तर ती कुठल्या स्वरात बसते ते ट्यूनरवर बघा. ग्रिड आता स्थिर आहे. २०१३च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी जोडलं गेलं ते आपल्या रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनीनेच. पण जुन्या टेपवर जुनं ग्रिड भरलेलं आहे.

वॉव-फ्लटर, म्हणजे वेगाचा हेलकावा, त्याच ३१५०च्या सुरावर मोजतात. वेटिंग लावलेला आकडा ४ हर्ट्झच्या आसपासच्या हेलकाव्याला सर्वात जास्त वजन देतो, कारण कानाला तिथलाच जास्त खुपतो. १९च्या वेगाला ०.१ टक्क्याच्या आत आला की मी पुढे जातो. नाही आला तर नुसता आकडा निरुपयोगी आहे, हेलकाव्याचा स्पेक्ट्रम काढा. टेप सेकंदाला १९०.५ मिलिमीटर धावते. ४० मिलिमीटर व्यासाचा पिंच रोलर असेल तर तो सेकंदाला दीड वेळा फिरतो, १० मिलिमीटरचा कॅपस्टन सहा वेळा. तुमच्या मशीनचे व्यास व्हर्नियरने मोजा आणि भागाकार करा. शिखर दीड हर्ट्झवर उभं असेल तर रोलर पालटा, सहावर असेल तर कॅपस्टन पुसा किंवा बेअरिंग बघा. शिखर टेप संपत येता सावकाश सरकत असेल, तर तो रिळाचा दोष आहे, कारण फक्त रिळाचाच फिरण्याचा वेग भरावाप्रमाणे बदलतो. स्वतः भरून स्वतःच वाजवलेल्या टेपवर फ्लटर मोजत असाल तर तीन-चारदा मागे नेऊन वाजवा आणि सर्वात वाईट आकडा धरा. भरतानाचा आणि वाजवतानाचा हेलकावा कधी एकमेकांत भर घालतात, कधी एकमेकांना खातात.

आता अझिमथ, ज्यासाठी तुम्ही मुळात लिहिलंत. स्कोपच्या एका इनपुटला डावा चॅनेल, दुसऱ्याला उजवा, स्कोप एक्स-वाय मोडवर. टेस्ट टेपवरचा १ किलोहर्ट्झ लावला की पडद्यावर ४५ अंशांत तिरपी रेष दिसायला हवी. लंबगोल असेल तर तो मिटेपर्यंत स्क्रू किंचित फिरवा, म्हणजे खरोखर किंचित, घड्याळातल्या मिनिटभराइतका. मग ४ किंवा ५ किलोहर्ट्झ, मग १०. थेट १०वर उडी मारू नका. १९च्या वेगाला १० किलोहर्ट्झची तरंगलांबी १९ मायक्रॉन आहे आणि हाफ-ट्रॅक (टेपच्या जवळपास अर्ध्या रुंदीचा एकेक ट्रॅक असलेल्या) हेडचे दोन ट्रॅक मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे ४ मिलिमीटर लांब. त्यामुळे हेड कोनाच्या सुमारे १६ मिनिटांनी, म्हणजे पाव अंशाहून किंचित जास्त, कललं की दोन्ही चॅनेलमध्ये बरोबर एका पूर्ण तरंगाचा फरक पडतो आणि स्कोपवर पुन्हा तशीच सुबक रेष उमटते. हा खोटा जुळाव. त्याच कलाला १ किलोहर्ट्झवर फक्त ३६ अंशांचा फरक असतो आणि तिथे लंबगोल उघड दिसतो, म्हणून सुरुवात खालून. दुसरी खूण पातळीची: त्या खोट्या जागी प्रत्येक चॅनेलचा १० किलोहर्ट्झ साडेतीन डीबींहून जास्त पडलेला असतो. रेष मिळाली पण आवाज पडला, तर तुम्ही भलत्या जागी आहात. खऱ्या जागीही १० किलोहर्ट्झची रेष स्थिर नसते, ती थोडी थरथरत उघडमीट करते. टेप गाईडमध्ये वरखाली सरकते त्याचा तो परिणाम. थरथर ४५च्या दोन्ही बाजूंना सारखी असली की पुरे.

जागा सापडली की स्क्रूवर आणि त्याच्या बाजूच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. ही तुमची घरची जागा.

प्लेबॅकची पातळी लावताना टेस्ट टेपच्या डब्यावर फ्लक्स (टेपवर भरलेल्या चुंबकत्वाची ताकद) किती लिहिलाय ते पाहा. १८५, २००, २५० आणि ३२० नॅनोवेबर प्रति मीटर असे आकडे आढळतात. १८५ आणि २५०मध्ये २.६ डीबींचं अंतर आहे, १८५ आणि ३२०मध्ये जवळपास ४.८. मॅन्युअलमध्ये एक आकडा आणि टेपवर दुसरा असेल तर वजाबाकी करून मीटर लावायचा. इथे निष्काळजीपणा झाला तर पुढचं सगळं रेकॉर्डिंग तेवढ्याने चढं किंवा उतरतं.

इक्वलायझेशनमध्ये तुमच्या ‘बोद्या’ आवाजाचं दुसरं कारण लपलेलं असू शकतं. १९च्या वेगाला नॅब या अमेरिकी पद्धतीत ३१८० आणि ५० मायक्रोसेकंद असे दोन स्थिरांक आहेत. आयईसी पद्धतीत, जिला जुनी मंडळी सीसीआयआर म्हणतात, ७० मायक्रोसेकंद आणि खालच्या बाजूला काही नाही. आयईसीची टेप नॅब मशीनवर वाजवली की १० किलोहर्ट्झ सुमारे २.७ डीबींनी पडतो आणि ५० हर्ट्झही ३ डीबींनी. बोदा आणि वर पातळ. तुमचे कार्यक्रम एखाद्या युरोपीय स्टुडिओ मशीनवर भरले असतील तर ही शक्यता धरा. यासाठी मशीनला हात लावू नका. टेप जशी आहे तशी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवा आणि फरक सॉफ्टवेअरमध्ये भरून काढा. चुकलं तर फाइल परत घेता येते. बऱ्याच घरगुती मशीनना प्लेबॅकच्या इक्वलायझेशनला प्रीसेटच (फिरवायचा स्क्रू) नसतो, ते रेझिस्टर-कपॅसिटरने बांधलेलं असतं. तिथे तारस्वर कमी आला तर कारण हेड, घाण किंवा म्हातारा कपॅसिटर.

खर्जाच्या बाजूला टेस्ट टेपवर आंधळा विश्वास नको. पूर्ण रुंदीवर भरलेली टेस्ट टेप हाफ-ट्रॅक किंवा क्वार्टर-ट्रॅक हेडवर वाजली की शेजारच्या पट्टीतला फ्लक्सही हेड उचलतं, आणि साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आकडे खोटे चढतात. याला फ्रिंजिंग म्हणतात. हे बघून प्लेबॅकचा खर्ज खाली ओढलात तर तुमच्या सगळ्या स्पूलमधला मृदंग पोकळ होईल. खर्ज तपासायचा तो त्याच मशीनवर भरून-वाजवून.

एवढं झालं की तुमच्या स्पूल. लावण्याआधी टेपचा वास घ्या आणि दोन वेढे हाताने उलगडा. आंबट वास आला तर ती ॲसिटेटची असून तिला व्हिनेगर सिंड्रोम लागलाय. तिला उष्णता अजिबात द्यायची नाही. वेढे एकमेकांना चिकटत असतील, हेडवर तपकिरी चिकटा येत असेल, टेप किंचाळत असेल तर बाइंडर (टेपला ऑक्साइड चिकटवून ठेवणारा थर) ओल धरून सुटलाय. अँपेक्स ४०६ आणि ४५६ त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अशा पॉलिएस्टर टेपला ५४ अंशांच्या आसपास नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून कोरडं करतात, आणि मग ती काही आठवडे वाजते. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका, त्याचा थर्मोस्टॅट वीस अंश इकडेतिकडे हलतो. आपली हवा कोरडी म्हणून सोलापुरात राहिलेल्या टेप मुंबईच्यापेक्षा बऱ्या निघतात, हा माझा अनुभव. टेपचं आयुष्य मध्ये कुठे गेलं ते मात्र विचारून घ्या.

प्रत्येक स्पूलसाठी अझिमथ नव्याने पाहायचा, आणि इथे कान स्कोपइतकाच कामाचा. कार्यक्रम मोनो भरलेला असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून हेडफोनवर ऐका आणि भजनातल्या टाळांवर लक्ष ठेवा. टाळात तारस्वराची एवढी दौलत असते की दुसरा टेस्ट सिग्नल शोधायची गरज पडत नाही. स्क्रू फिरवताना एका जागी टाळाचा ठोका कडक आणि अरुंद होतो, दोन्ही बाजूंना तो पसरतो, सिस् असा होतो. कडक जागा धरा. शब्दातला ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू यायला लागले की बरोबर आलात. कार्यक्रम क्वार्टर-ट्रॅकवर दोन्ही दिशांनी भरलेला असेल तर हेडही क्वार्टर-ट्रॅकचंच हवं. हाफ-ट्रॅक हेडवर उलटी बाजूही ऐकू येईल, त्याचा दोष अझिमथवर टाकू नका. काम झालं की नेलपॉलिशची रेघ परत जुळवा. यात्रेच्या आणि लग्नाच्या टेप सर्वात शेवटी लावा, आधी ज्या टेपचं कुणाला काही वाटणार नाही त्या.

राहिला तिसरा प्रश्न, नव्या रेकॉर्डिंगचा. नवी टेप मिळते. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेत एटीआर अजून बनवतात. बी७७साठी एलपीआर३५सारखी पातळ टेप घेतली तर एका रिळात जास्त वेळ मावतो. पण ज्या टेपवर भरणार तिच्यासाठीच बायस लावायचा. टेप बदलली की बायस बदलला.

क्रम असा. आधी रेकॉर्ड हेडचा अझिमथ: १० किलोहर्ट्झ भरत असतानाच प्लेबॅक हेडवरून स्कोपवर पाहायचा. त्याचा संदर्भ आता टेस्ट टेपवर लावलेलं प्लेबॅक हेड, म्हणून प्लेबॅक आधी पक्कं करायचं. मग बायस. १० किलोहर्ट्झचा सूर नेहमीच्या पातळीच्या २० डीबी खाली भरा. १९च्या वेगाला तारस्वर वरच्या पातळीला टेप गिळून टाकते, म्हणून एवढं खाली. बायस कमीवरून हळूहळू वाढवा. आवाज चढत जाईल, एका जागी शिखर गाठेल, आणि पुढे बायस वाढवला तरी उतरू लागेल. शिखराच्या पुढे किती डीबी उतरवायचा ते टेपच्या पत्रकात दिलेलं असतं, हेडच्या गॅपप्रमाणे आणि वेगाप्रमाणे. अँपेक्स ४५६ला ३८च्या वेगाला ३ डीबी हा आकडा स्टुडिओतल्या लोकांना पाठ असतो. १९ला त्याहून जास्त लागतो. शिखरावरच थांबणारे लोक आहेत, ‘तारस्वर जास्त मिळतो’ म्हणून. मिळतो, पण डिस्टॉर्शन आणि सुरामागची खरखर दोन्ही वाढतात, आणि टेपवर बारीक डाग असला की आवाज लगेच डुचमळतो. आकडा ओलांडलात तर मागे न येता पुन्हा खालून सुरुवात करा. बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही चॅनेलला एकच ऑसिलेटर बायस पुरवतो. डावा लावला की उजवा किंचित हलतो, म्हणून दोनदा फेरी मारा. त्यानंतर रेकॉर्डची पातळी, मग रेकॉर्डचं इक्वलायझेशन, आणि ते लावल्यावर पुन्हा बायसवर एक नजर.

डिस्टॉर्शन मोजताना एकूण टक्केवारीच्या मागे लागू नका. नॉच लावून, म्हणजे मूळ सूर गाळून, उरलेलं मोजणारा मीटर फ्लटरचे बाजूचे कंगोरेही डिस्टॉर्शनमध्ये धरतो. १ किलोहर्ट्झ भरा आणि स्पेक्ट्रममध्ये फक्त ३ किलोहर्ट्झची रेष पाहा. ती मूळ सुराच्या ३०.५ डीबी खाली आली म्हणजे तिसरा हार्मोनिक ३ टक्के, टेपची कमाल पातळी इथेच धरतात. पातळी १० डीबी कमी करा. डिस्टॉर्शन टेपचं असेल तर तिसरा हार्मोनिक ०.३ टक्क्यावर यायला हवा, कारण तो पातळीच्या वर्गाने घटतो. तसा घटला नाही तर दोष टेपचा नाही, ॲम्प्लिफायरचा आहे. आणि २ किलोहर्ट्झवर जाडजूड रेष दिसली तर हेड चुंबकित आहे किंवा बायसचा तरंग एका बाजूला कललाय. डीमॅग्नेटाइझ करून पुन्हा मोजा. रेष गेली तर हेड, राहिली तर ऑसिलेटर.

नॉइज मोजताना एक खबरदारी घ्या. आउटपुटमध्ये बायसची गळती असते, शंभर किलोहर्ट्झच्या वर कुठेतरी. जुन्या रुंद पट्ट्याच्या मिलिव्होल्टमीटरला ती दिसते आणि तुमच्या कानाला दिसत नाही. मीटर नॉइज भयंकर म्हणेल आणि टेप शांत असेल. ए-वेटिंग (कानाला जसं ऐकू येतं तसं वजन) किंवा २० किलोहर्ट्झचा फिल्टर लावूनच वाचा. इरेजची तपासणी तर दोन मिनिटांची: १ किलोहर्ट्झ भरा, मागे या, इनपुट बंद करून त्यावरून रेकॉर्ड करा, उरलेला सूर स्पेक्ट्रममध्ये शोधा. भरलेल्या पातळीच्या साठ डीबी खालीही तो ठसठशीत दिसत असेल तर इरेज हेड पुसा, तरीही दिसला तर बायस कमी पडतोय. ही तपासणी नव्या टेपच्या सुरुवातीच्या काही मीटरवर करा. आजोबांची एकही स्पूल मशीनवर असताना रेकॉर्डच्या बटणाकडे हात नेऊ नका, आणि चॅनेलचे रेकॉर्ड सिलेक्टर बंद करून ठेवा.

तुमच्याकडे टेस्ट टेप येईपर्यंत सफाई, कपॅसिटर आणि डीमॅग्नेटायझिंग करून घ्या आणि त्याच मशीनवर डावी बाजू अजून दबलेली आहे का ते कळवा. दबलेली राहिलीच तर दोन्ही चॅनेलची आउटपुट वायर अदलाबदल करून ऐका. दबलेपणा वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष मशीनमध्ये आहे आणि मला हेडचा जवळून काढलेला, तिरप्या उजेडातला फोटो लागेल. तो त्याच स्पीकरवर राहिला तर मशीन सोडा, आधी तुमचा ॲम्प्लिफायर बघा.